काही पुसलं जाणार नाही ना?

(नौपाडा, ठाणे इथे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स वापरून पाहणाऱ्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी ओळख करून देताना तुम्ही मला 'संगणकतज्ज्ञ' म्हणालात. ते आधी दुरुस्त करते. महापेला मी वीस वर्षं नोकरी केली ती मॅन्युअलं लिहिण्याची. यंत्र इंजिनिअर बनवणार आणि त्याच्या बटणाखाली काय छापायचं यावरून मी त्यांच्याशी भांडणार, असं ते काम. लोकांना वाटतं, यात काय कठीण? 'चालू' आणि 'बंद' लिहायला कितीसं डोकं लागतं? पण 'चालू' म्हणजे आत्ता चालू आहे, की दाबलं की चालू होईल, हा वाद मी एका बैठकीत पाऊण तास ऐकलाय. शेवटी चहा आला म्हणून थांबला.

आज बोलायचंय ते पाच ओळींबद्दल. पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, घालून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक यादी येते, त्या ओळी. ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे माउस चालत नाही. 'हे म्हणजे काय' असं विचारायला बहुतेक वेळा जागा नसते. वरखाली जाणारे बाण आणि एंटर, एवढंच हातात. नव्या माणसाची लिनक्सशी पहिली भेट होते ती अशी.

आणि हल्ली ही भेट बऱ्याच जणांची होतेय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप अचानक म्हातारे ठरले. शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जण खाली टेबल मांडून बसतो. लोक लॅपटॉप घेऊन येतात, बहुतेक कापडी पिशवीतून, आणि खुर्चीवर टेकायच्या आधी विचारतात, "काही पुसलं जाणार नाही ना?"

हा भित्रेपणा नाही, अनुभव आहे. दुकानात लॅपटॉप दिला, "फॉरमॅट मारावा लागेल" असं ऐकून मान डोलावली, आणि घरी आणून उघडला तर नातवाच्या बारशाचे फोटो गायब. अशी एकेक गोष्ट प्रत्येक घरात आहे. त्या माणसाला मी टेबलाशी बसून समजावते, की पेनड्राइव्हवरची ही प्रणाली संगणकाच्या मेमरीत उघडते, हार्ड डिस्क न वापरता चालते, बंद केली की निघून जाते. ओसरीवर टेकून पाणी पिऊन जाणाऱ्या पाहुण्यासारखी. त्याला ते पटतं. तो पेनड्राइव्ह घरी नेतो. रात्री दहाला एकटा बसून संगणक सुरू करतो. तेव्हा मी नसते, ती यादी असते. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या यादीतल्या ओळीनेच द्यायला हवं.

आता प्रत्यक्ष ओळी बघू. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार, मिंट, फेडोरा, डेबियन हे आणखी काही. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत पहिली ओळ असायची 'ट्राय उबुंटू विदाउट इन्स्टॉलिंग'. मला ही ओळ फार आवडायची. शेवटच्या दोन शब्दांत सगळं आलं. तिच्या खाली वेगळी ओळ, 'इन्स्टॉल उबुंटू'. २२.०४ ही नंतरची आवृत्ती उघडाल तर या दोन्हींची एकच ओळ झालेली दिसेल, 'ट्राय ऑर इन्स्टॉल उबुंटू'. बनवणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर यात चूक नाही. पुढे विचारतातच, की बघायचंय की बसवायचंय. पण पुढे विचारणार आहेत हे पुढे गेलेल्यालाच माहीत. वर्तकनगरच्या एका काकूंनी ही ओळ मोठ्याने वाचली, एंटरवरचं बोट उचललं आणि मला विचारलं, "यातलं 'ऑर' कोण ठरवणार? मी की हा?" 'हा' म्हणजे लॅपटॉप.

मला त्या वेळी आपलं ठाणे स्टेशन आठवलं. ट्रान्स-हार्बरची गाडी २००४ साली सुरू झाली. मी नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून पुढे कित्येक वर्षं महापेच्या नोकरीला गेले. इंडिकेटरवर लागतं 'वाशी' किंवा 'पनवेल'. रोजच्या माणसाला तेवढं पुरतं. पण नवीन माणूस विचारतो, "जुईनगरला जाते का?" कारण त्याला पनवेलशी काही देणंघेणं नसतं. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो, एक गाडी सानपाड्याकडून वाशीला जाते, दुसरी जुईनगर, नेरूळ करत पनवेलला, हे त्याला ठाऊक नाही आणि असायचं कारणही नाही. इंडिकेटर खरं बोलतो, पण गाडीच्या बाजूने बोलतो. फलाटावर उभा असलेला माणूस मात्र स्वतःच्या बाजूने विचारतो. संगणकाच्या त्या यादीचं दुखणं हेच आहे. ओळ खोटी नसते. ती प्रोग्रॅमची हकीकत सांगते, आणि वाचणारा विचारत असतो, माझं काय होणार?

काही ओळी तर इथल्या बाजारातल्या शब्दांमुळे भलत्याच वाटेला नेतात. 'बूट फ्रॉम लोकल ड्राइव्ह' अशी एक ओळ काही यादींत असते. अर्थ साधा आहे, पेनड्राइव्ह सोडा आणि संगणकात आधीपासून आहे तेच सुरू करा. खरं तर घाबरलेल्या माणसासाठी हा परतीचा रस्ता. पण ठाण्याच्या माणसाला 'लोकल' म्हटलं की एक तर गाडी आठवते, नाही तर हलका माल. "हे लोकल नको, चांगलं द्या," असं एक गृहस्थ मला खरोखर म्हणाले.

'ओईएम इन्स्टॉल' त्याच्या उलट. ही ओळ संगणक तयार करून विकणाऱ्यांसाठी आहे. ते तात्पुरत्या नावाने प्रणाली बसवतात आणि गिऱ्हाइकाने घरी नेऊन सुरू केलं की ती त्याचं नाव, त्याचा पासवर्ड विचारते. पण आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात 'ओईएम चार्जर' म्हणजे कंपनीचा, अस्सल. मग दोन इन्स्टॉलपैकी माणूस कुठलं निवडणार? अस्सल असेल ते. आमच्याकडे एक मुलगा असंच करून आला होता आणि माझ्या लॅपटॉपवर हे 'ओईएम' नावाचं खातं कुणाचं, कुणी हॅक केलं का, असं विचारत होता.

आणि 'चेक डिस्क फॉर डिफेक्ट्स'. यातली डिस्क म्हणजे सीडी. सीडीवर ओरखडा पडून प्रत बिघडली आहे का ते ही ओळ तपासायची. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, तरी बरेच दिवस शब्द तोच राहिला. ज्याची हार्ड डिस्क कुरकुर करतेय तो मोठ्या आशेने हीच ओळ निवडतो. पाच मिनिटांनी 'चूक सापडली नाही' असं येतं. तो निश्चिंत होतो आणि महिन्याभरात हार्ड डिस्क बसते. या एका शब्दाने किती जणांनी बॅकअप घ्यायचा टाळला असेल, मला विचार करवत नाही.

या बाबतीत आधीचा काळ जास्त सोपा होता असंही नाही. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनी २००० साली क्नॉपिक्स काढलं, हार्ड डिस्कवर काही न बसवता सीडीवरून चालणारं लिनक्स. तिथे यादीच नव्हती. 'बूट' असा शब्द, पुढे विसर्ग आणि लुकलुकणारी रेघ. काही टाइप न करता एंटर मारलं तरी चालायचं, पण ते सांगणार कोण? मी संगणक-मासिकाबरोबर आलेली सीडी लावून तसल्या रेघेकडे दहा मिनिटं बघत बसले होते, हे आज कबूल करते.

तर मी ठरवलं की आपल्या पेनड्राइव्हवरच्या ओळी आपण मराठीत लिहायच्या. हे वाटतं तेवढं अवघड नाही. ग्रब नावाचा जो छोटा प्रोग्रॅम ही यादी दाखवतो, त्याच्या फाइलमध्ये 'मेन्यूएंट्री' या शब्दापुढे अवतरणचिन्हांत ओळीचं नाव असतं आणि त्यानंतर महिरपी कंसात खरे हुकूम. अवतरणातलं नाव बदला, हुकमाला धक्का लागत नाही. असा पेनड्राइव्ह तयार करायला रुफस, एचर, व्हेंटॉय असे प्रोग्रॅम मिळतात. रुफस वापरून आयएसओ पद्धतीने, म्हणजे फाइली सुट्या उतरवून, केलेल्या पेनड्राइव्हवर ही फाइल नोटपॅडनेही उघडते. एचरने केलेल्यावर तसं करता येत नाही, तिथे सीडीची हुबेहूब प्रत उतरते, वाचण्यापुरती. आणि व्हेंटॉय वापरत असाल तर त्यात फाइलच्या लांबलचक नावाऐवजी आपल्याला हवं ते नाव दाखवायची सोय आहे, खाली एक बारीक सूचनाही देता येते. एवढी सोय असताना मी बघितलेल्या दहापैकी नऊ पेनड्राइव्हवर 'मिंट, आकडा, डॅश, सिनॅमन, डॅश, चौसष्ट बिट, डॉट आयएसओ' असंच दिसतं. दुकानात डबे आहेत, झाकणं आहेत, पण चिठ्ठी म्हणून कारखान्याचा बॅच नंबर.

माझ्या पहिल्या मराठी यादीत वरची ओळ होती 'थेट चालवा'. लाइव्हला थेट. थेट प्रक्षेपण म्हणतो ना आपण, तसं. मी स्वतःवर खूश होते. पहिल्याच शनिवारी एकजण ती ओळ वाचून मागे सरकले. "थेट म्हणजे? मध्ये काही विचारणारच नाही का?" बरोबर आहे की हो. 'थेट' म्हणजे मध्ये न थांबता, डायरेक्ट. मी जी ओळ सगळ्यात निर्धोक म्हणून लिहिली होती ती वाचायला सगळ्यात धोकादायक निघाली. मग 'लाइव्ह' तसंच ठेवून पाहिलं. कॉलेजच्या मुलींना ते कळलं, त्यांच्या आजीने केस सारखे केले, कारण तिच्या लेखी लाइव्ह म्हणजे कॅमेरा चालू.

दुसरी ओळ 'प्रतिष्ठापना करा'. मराठी सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द फिरतो, तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडे प्रतिष्ठापना होते ती गणपतीची, आणि तिच्या पाठोपाठ विसर्जन ठरलेलं असतं. दीड दिवसाने, पाच दिवसांनी, पण असतं. संगणकावर एकदा डिस्क पुसून प्रणाली बसवली की विसर्जन एवढं सोपं नाही. ते राहू द्या. लोक बोलतात काय? लोक म्हणतात 'विंडोज टाकून दे'. गावदेवीपासून घणसोलीपर्यंत कुठल्याही दुकानात जा, हाच शब्द. मी 'लिनक्स टाका' असं लिहूनही पाहिलं, आणि लगेच दिसलं की कागदावर उतरल्यावर त्याचे दोन अर्थ होतात. आत टाका की टाकून द्या? बोलताना हातवारे असतात, सूर असतो, म्हणून चालतं. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं.

शेवटी 'बसवा' सापडला. पंखा बसवतो, नळ बसवतो, गणपती बसवतो, तोही आहेच. बसवलेली गोष्ट तिथे राहायला येते, आणि ती बसवायला भिंतीला भोक पाडावं लागतं हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. त्याच्या जोडीला 'कायमचं' असा शब्द घातला. तर वरची ओळ झाली 'वापरून पाहा, संगणकातलं काही बदलणार नाही', आणि दुसरी झाली 'कायमचं बसवा, आधी विचारू, मगच पुसू'. हे 'आधी विचारू' महत्त्वाचं. बसवायची ओळ निवडली म्हणजे लगेच सगळं साफ होतं असं नाही. पुढे विंडोजच्या शेजारी बसवायचं की सगळी डिस्क पुसून, असा प्रश्न येतोच. नुसतंच 'सावधान, डेटा जाईल' असं लिहिलं असतं तर कुणी ती ओळ कधीच निवडली नसती. भीती घालणं आणि माहिती देणं यात फरक ठेवायला हवा. आपल्याकडे विजेच्या डीपीवर कवटी काढतात तशी प्रत्येक ओळीवर काढून चालत नाही.

दोन महिने हे छान चाललं. मग कोपरीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आमचा पेनड्राइव्ह नेला. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं प्रकरण चालू होतं. त्यांनी 'वापरून पाहा' निवडलं, त्यांना ते आवडलं, आणि बसल्या बैठकीला दोन तास लावून सोसायटीला हरकतींचं पत्र लिहिलं. मुद्दे घातले, ठरावांच्या तारखा घातल्या. पत्र 'डॉक्युमेंट्स'मध्ये नीट नाव देऊन ठेवलं. संगणक रीतसर बंद केला. सकाळी उघडला तर 'डॉक्युमेंट्स' मोकळं.

सगळं मेमरीत होतं. वीज गेली की मेमरी रिकामी. पेनड्राइव्हवर लिहिलेलं टिकवायची सोय करता येते, ती मी केली नव्हती, आणि केलेली नाही हे कुठे सांगितलंही नव्हतं. त्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही, शिक्षकच ते. म्हणाले, "बाई, तुमची ओळ अक्षरशः खरी निघाली. संगणकातलं काहीच बदललेलं नाही. माझं पत्रसुद्धा नाही."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या फटी शोधल्या आणि माझ्या वाक्यातून दोन तासांचं पत्र खाली पडलं. मी फक्त येणाऱ्याच्या भीतीला उत्तर दिलं होतं, जुनं जाईल का? भीती गेल्यावर माणूस काम करायला लागतो, तेव्हा प्रश्न बदलतो, नवं राहील का? एकाच ओळीला दोन्ही उत्तरं द्यायला लागतात आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. जुनं राहणार, नवं जाणार. मी ओळ बदलली: 'वापरून पाहा. जुन्या फाइली राहतील. इथे नवं लिहिलेलं बंद केल्यावर जाईल.' आमच्यातला एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "ताई, हा मेनू आहे की सातबारा?" त्याचं खोटं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं मावतात, अशा २५ ओळी. पण मोजून बघा, माझी ओळ ८० च्या आत बसते. आणि पंचवीसपैकी आपण वापरतो पाच. जागेची टंचाई नाही, सवय आखूड लिहिण्याची आहे.

'काही बदलणार नाही' हे मी का काढलं आणि 'फाइली राहतील' एवढंच का ठेवलं, त्याचंही कारण आहे. पत्राच्या प्रकरणानंतर थोड्याच दिवसांनी चरईतून फोन. लिनक्स बघितलं, बंद केलं, विंडोज सुरू केलं, तर घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळचे अकरा आणि संगणक म्हणतो साडेपाच. संगणकात बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज मानतं की त्यात भारतीय वेळ लावलेली आहे. लिनक्स मानतं की त्यात जागतिक वेळ असावी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. इंटरनेटवरून वेळ मिळाली की ते आपल्या समजुतीप्रमाणे घड्याळ लावून मोकळं होतं. विंडोजमध्ये वेळ पुन्हा जुळवून घेतली की काम झालं, नुकसान शून्य. पण 'काहीही बदलणार नाही' असं छातीठोक लिहिणारी मी खोटी पडले, आणि ज्याला एक गोष्ट बदललेली दिसली तो आणखी काय बदललंय ते शोधत बसला. जेवढं पाळता येईल तेवढंच बोलावं. शिवाय त्या वापरून पाहायच्या प्रणालीतून कुणी स्वतःच हार्ड डिस्क उघडून फोटो डिलीट केले तर ते जातातच, पाहुण्याने ओसरीवरून उठून कपाट उघडलं तर काय करणार.

आता 'सेफ' या शब्दाकडे येते, माझं त्याच्याशी जुनं वैर आहे. काही लॅपटॉपवर लिनक्स सुरू होताना ग्राफिक्स कार्डाशी सूत जुळत नाही आणि पडदा काळा राहतो. त्यावर उपाय म्हणून यादीत एक ओळ असते. तिच्या हुकमात 'नोमोडसेट' असा एक शब्द जास्त असतो, त्याने ग्राफिक्सचं काम अगदी साध्या पद्धतीने होतं. उबुंटू या ओळीला म्हणतं 'सेफ ग्राफिक्स'. मिंट म्हणतं 'कम्पॅटिबिलिटी मोड'. फेडोरात 'ट्रबलशूटिंग'मध्ये शिरावं लागतं, तिथे तिचं नाव 'बेसिक ग्राफिक्स मोड'. औषध जवळपास एकच, बाटल्या तीन.

त्यातली 'सेफ'ची बाटली सगळ्यात वाईट. एक सेफ म्हटलं की दुसरं आपोआप अनसेफ होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर वेळी 'सेफ'च निवडायचे आणि दर वेळी तक्रार करायचे की अक्षरं फुगलेली दिसतात, व्हिडिओ अडखळतो. मी म्हटलं, काका, वरची ओळ घ्या ना. म्हणाले, "उगाच धोका कशाला?" त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या यादीत ती ओळ आता अशी आहे: 'पडदा काळा राहिला तर हे निवडा'. रोगाचं नाव नाही, औषधाचंही नाही, लक्षण दिलंय. ज्याचा पडदा काळा राहिला नाही तो त्या ओळीकडे बघतच नाही, आणि ज्याचा राहिला त्याला दुसरीकडे कुठे शोधावं लागत नाही.

इथे डेबियनचं एक कौतुक सांगायलाच हवं, जरी त्यांच्या यादीत 'ग्राफिकल इन्स्टॉल' आणि 'इन्स्टॉल' अशा दोन ओळी आहेत आणि पहिली डिझायनर लोकांसाठी असते असं समजणारे मला भेटलेत. डेबियनची यादी पडद्यावर आली की बीप वाजते. दिसत नसलेल्या माणसाला कळावं म्हणून, की आता कळ दाबायची वेळ झाली. त्याने एस दाबून एंटर मारलं की पुढचं सगळं बोलून सांगितलं जातं. ज्याला ओळी वाचताच येणार नाहीत त्याचाही विचार कुणीतरी बसून केलेला आहे.

देवनागरीचं म्हणाल तर तिथे मी हरले. त्या जुन्या अक्षरी पडद्याला एका वेळी २५६ चिन्हंच माहीत असतात. ग्रबला मोठा फाँट देता येतो, मी दिला, पण जोडाक्षर जुळवायची अक्कल त्याच्याकडे नाही. वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर आली, 'स्थ'चा पाय मोडला. 'स्थिती'ची स्थिती बघवेना. सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेने आपल्या बॉस लिनक्समधून भारतीय भाषांसाठी इतकं काम केलं, पण ते सगळं प्रणाली उघडल्यानंतरचं. उंबऱ्याच्या बाहेर अजून इंग्रजीचंच राज्य. मग आम्ही जुगाड केला. यादीतल्या ओळी रोमन लिपीत मराठी, व्हॉट्सॲपवर आपण लिहितो तशा, प्रत्येकीला आधी आकडा. मागच्या चित्रात त्याच आकड्यांसमोर नीट देवनागरी. चित्राला काय, चित्रात जोडाक्षरं आधीच जुळलेली असतात. आणि पेनड्राइव्हला एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधली. खरं सांगायचं तर चित्रापेक्षा ती चिठ्ठीच जास्त वाचली जाते.

आकड्यांचा आणखी एक उपयोग. अनेक घरांत हा संगणक चालू होतो तो फोनवर. मुलगा बंगळुरूला, आई इथे. "आई, काय लिहिलंय वाच." ओळ इंग्रजीत असेल तर आई स्पेलिंग सांगत बसते. आकडा असला की "तिसऱ्यावर ये" एवढ्यावर भागतं. तुम्ही ओळ लिहिलीत की ती फोनवर कुणाला तरी वाचून दाखवा. जिथे तो "काय? परत सांग" म्हणेल, तो शब्द बदला.

पण 'तिसऱ्यावर ये' म्हटलं तरी आपण कितव्यावर आहोत ते कळायला हवं. निवडलेल्या ओळीचे रंग उलटे होतात, पांढऱ्यावर काळं. पाच ओळी असतील तर वेगळी कुठली ते दिसतं. दोनच ओळी असतील तर? एक काळी, एक पांढरी. निवडलेली कुठली? ग्रब शेजारी एक बारीक फुली काढतो, पण ती फुली निवडीची की काट मारल्याची, हाही प्रश्न आहेच. आम्ही म्हणून दोन ओळींची यादी करतच नाही. आणि खाली जी इंग्रजी सूचना असते, की ई दाबून हुकूम बदलता येतील, ती शक्य तिथे काढून टाकली. ई म्हणजे इंग्रजी असं समजून दाबणारे तिघे मला माहीत आहेत. आत जे पान उघडतं ते बघून त्यातल्या एकाने सरळ प्लगच उपटला. एस्केप दाबून परत येता येतं, पण ते कुणी सांगितलेलं नसतं.

वेळेचं एक सांगते आणि थांबते. काही न दाबता बसलात तर ठरावीक सेकंदांनी वरची ओळ आपोआप सुरू होते. फेडोरात साठ सेकंद मिळतात, ग्रबची मूळ सवय पाच सेकंदांची. पाच सेकंदांत माझा चष्मासुद्धा सापडत नाही. आमच्या पेनड्राइव्हवर आम्ही ही उलटी मोजणीच बंद केली. यादी उभी राहते, माणूस वाचतो, हवं तर स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक करून येतो.

आणि पाचवी ओळ. ती मला कुठल्याच तयार यादीत सापडली नाही, म्हणून घातली: 'आज नको, संगणक बंद करा'. ग्रबमध्ये त्यासाठी 'हॉल्ट' हा एकच हुकूम लिहावा लागतो. आमच्यातल्या काहींना ती वायफळ वाटली, बंद करायला बटण आहे की. पण मघाच्या त्या वर्तकनगरच्या काकू, 'ऑर'वाल्या, त्यांनी नवी यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा सगळ्या ओळी सावकाश वाचल्या, बाण दाबत पाचवीवर आल्या आणि एंटर मारलं. संगणक बंद झाला. त्यांनी झाकण लावलं, पिशवीत ठेवलं, म्हणाल्या, "ऐकतो हा." पुढच्या शनिवारी साडेतीनला टेबल मांडायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या आणि पहिल्या ओळीवर त्यांनी स्वतःच एंटर दाबलं.